पुढच्यासोबत ठेवा

शेवटी मी त्याला ‘हो’ म्हणाले. लिफ्टमध्ये, मॅडमसमोर, आणि सरकारी तपासनीस फिरत्या खुर्चीवर बसून तोंडाने श्वास घेत असताना.

वरची ओळ तुम्ही वाचलेली नाही. ती ‘लपवलेला मजकूर’ म्हणून टाईप केली होती. कागदावर ती छापलीच जात नाही. तरीही दिसली असेल, तर तुमच्याकडे चिन्हं दाखवायचं बटण चुकून चालू राहिलंय. बंद करा. असं काहीही घडलेलं नाही. मी त्याला ओळखतसुद्धा नाही.

तर… मी त्याला ओळखत नव्हते, आणि तो खुर्ची घेऊन लिफ्टमध्ये शिरला.

खुर्ची चाकांची होती, गोल फिरणारी, पाठीवरचं कापड फाटलेली. बाहेर पाऊस होता. त्याचा डावा खांदा पार भिजला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि खुर्ची मात्र कोरडी ठणठणीत. म्हणजे छत्री त्याने खुर्चीवर धरली होती. मी हे सगळं पाहिलं आणि गप्प राहिले. सकाळी सकाळी माणसांना प्रश्न विचारू नयेत, उत्तरं मिळतात.

“कितवा मजला?” मी एवढंच विचारलं.

“चौथा,” तो म्हणाला. मग खुर्चीकडे बघून, “हिलाही चौथाच.”

तिसरा मजला गेला. चौथा आलाच नाही. एक आचका बसला, कुठेतरी घुर्र झालं आणि सगळं शांत. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. आमची सरकायची थांबली होती, हाच तर प्रश्न होता.

“बसा,” तो म्हणाला.

“काय?”

“खुर्ची आहे आपल्याकडे. किती लोकांकडे असते अशा वेळी?”

मी बसले. बसल्यावर मला धक्का बसला, की मी बसले.

समोरच भिंतीवर सूचना चिकटवली होती. ‘लिफ्ट अडकल्यास’ असं ठळक शीर्षक. खाली, पहिलं: घाबरू नका. मग बरीच मोकळी जागा. दुसरं: दार जोर लावून उघडू नका. मग पुन्हा मोकळी जागा. तिसरं: भिंतीवरच्या फोनवरून पुढील नंबर फिरवा. मग मोकळी जागा, मोकळी जागा, आणि कागद संपला.

भिंतीवर फोन होता. नंबर नव्हता. आमच्या मोबाईलना त्या लोखंडी डब्यात रेंज नव्हती. आणि सगळ्यात भयानक गोष्ट अशी, की ती सूचना आमच्याच कंपनीची होती. यंत्रं दुसरे बनवतात. ती कशी वापरू नयेत हे आमची कंपनी लिहून देते. मी त्या कंपनीत मांडणी तपासते. हा कागद माझ्या टेबलावरून कधी गेलाच नव्हता.

“हे कुठल्यातरी गाढवाचं काम आहे,” मी म्हणाले.

“गाढवाचं?” तो दचकला.

“शुद्ध गाढवाचं. जागा सोडायची म्हणून एंटर मारत सुटलाय. प्रत्येक एंटरला सगळं एकेक ओळ खाली सरकतं. सरकत सरकत नंबर गेला दुसऱ्या पानावर. आणि भिंतीवर लावतात फक्त पहिलं पान, दुसरं, कर्मचाऱ्यांच्या नियमांचं, जातं फायलीत.”

“म्हणजे नंबर फायलीत आहे.”

“हो. सुखरूप.”

तो भिंतीला टेकला. खुर्चीच्या चाकाला त्याच्या बुटाचं टोक लागलं आणि मी हळूच त्याच्याकडे वळले. तो मुद्दाम करत होता की खुर्ची मुद्दाम करत होती, मला आजही सांगता येणार नाही.

“पण रिकाम्या ओळी तर आहेत त्या,” तो म्हणाला. “रिकाम्या ओळींनी कुणाचं काय बिघडतं?”

“रिकामी ओळ रिकामी नसते. तोही एक परिच्छेदच असतो. त्याला शेवटी स्वतःचं चिन्ह असतं, उंची असते, अक्षराचा आकार ठरलेला असतो. सगळं घर थाटलेलं असतं. फक्त आत कोणी राहत नाही.”

त्याने कागदावरच्या मोकळ्या जागेवरून हळूच बोट फिरवलं.

“…वाईट वाटलं हो ऐकून,” तो म्हणाला.

मी पुन्हा त्या गाढवावर घसरले. बिनडोक म्हणाले, बेजबाबदार म्हणाले, ह्याच्या हातातून एंटरचं बटण काढून घेतलं पाहिजे म्हणाले. तो प्रत्येक शब्दाला मान हलवत होता. “अगदी.” “खरंय.” “काढूनच घ्यायला हवं.” इतका समजूतदार माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला संशय यायला हवा होता.

शेवटी खाली कुणीतरी कशावर तरी जोरात काहीतरी आपटलं आणि लिफ्ट निमूट वर गेली. दार उघडलं. खुर्ची ढकलत तो बाहेर पडला आणि वळून म्हणाला, “गाढव भेटलं तर तुमचा निरोप देतो.”

त्याचे डोळे हसत होते. ओठ नाही, फक्त डोळे. मी चौथ्या मजल्यावर उभी राहिले आणि मग आठवलं, की मला दुसऱ्या मजल्यावर उतरायचं होतं.

*

आमच्या कार्यालयप्रमुख मॅडमना लिफ्ट अडकल्याचं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते कागदाचं.

“शुक्रवारी लिफ्टचा सरकारी तपासनीस येतोय,” त्या म्हणाल्या, “आणि आपल्याच इमारतीत आपलीच सूचना अशी? हे एंटर कुणाचे, शोध. शुक्रवारपर्यंत मला अहवाल हवा. ज्याचे असतील तो जाईल गोदामात.”

गोदाम दुसऱ्या शहरात होतं. रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनानंतर बस, आणि बसच्या शेवटच्या थांब्यानंतर पायी. तिथे बसून खोक्यांवर ‘ही बाजू वर’ असं लिहायचं काम असायचं. मागे आमच्यातला एक जण तिथे राहून आला, तर कसा आहेस विचारल्यावर तो आकाशाकडे बोट दाखवायचा.

फाईल कुणी बनवली ते कळायला मार्ग नव्हता. आमच्या कंपनीत सगळ्यांना मिळून एकच लॉगिन आहे आणि त्याचा पासवर्ड ‘पासवर्ड’ असा आहे. मग मी माझं नेहमीचं केलं. फाईल उघडली आणि ते बटण दाबलं, ज्यावर आरशात पाहिलेल्या इंग्रजी ‘पी’सारखं दोन दांड्यांचं चिन्ह असतं. त्याने पडद्यावरचं सगळं लपलेलं बाहेर येतं. स्पेसबार दाबला तिथे ठिपका. एंटर मारला तिथे उलटा पी. पडदा कसा, साखर सांडल्यावर मुंग्या याव्यात तसा दिसायला लागतो. म्हणूनच ऑफिसात मला मुंगीताई म्हणतात. बाकी कुणी ते बटण दाबत नाही. भीती वाटते त्यांना. आपण काय काय करून ठेवलंय, हे बघायला हिंमत लागते.

ह्या फायलीत उलट्या पींची नुसती पलटण होती. पण मला गार केलं ते ठिपक्यांनी. प्रत्येक वाक्यानंतर, एंटरच्या आधी, दोन ठिपके. प्रत्येक. जसं कुणी कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघतं.

“मुंगीताई…” मागून आवाज आला.

तो होता. खुर्चीसकट. आतापर्यंत शेजारच्या इमारतीत बसून आमच्या सूचनांची वाक्यं लिहायचा, आता इकडे चौथ्या मजल्यावर बदलून आलाय, असं कळलं. मॅडमनीच त्याला मदतीला पाठवलं होतं. ‘ताई’ म्हणाल्यावर त्याने जीभ चावली, आणि त्यानंतर तो शब्द पुन्हा कधी वापरला नाही. मी ते ताबडतोब टिपलं, आणि टिपलं नाही असं दाखवलं.

“खुर्ची का आणलीत? इथे खुर्च्या आहेत.”

“तिला ओळख नाही वरती कुणाची. एकटी कशी सोडू?”

मी हसू दाबलं. “बसा. तिसरी सूचना पुन्हा लिहायचीये. नंबर त्याच वाक्यात बसतो का बघा.”

तो टाईप करायला लागला. त्याची बोटं लांब होती, आणि कीबोर्डवर अशी पडायची जसा कुणी झोपलेल्याला उठवतोय. वाक्य झालं. पूर्णविराम. मग अंगठा खाली आला… टक्, टक्. ठिपका, ठिपका. एंटर.

मी पडद्याकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे.

“तू!”

पहिल्यांदा ‘तू’ म्हणाले ते असं.

“गाढव,” तो उठून उभा राहिला आणि हात पुढे केला. “आपली भेट झालीये आधी. निरोप मिळाला.”

“मी तुला… लिफ्टमध्ये मी काय काय बोलले… आणि तू मान हलवत होतास?”

“मुद्दे बरोबर होते.”

शिव्या देणाऱ्याला इतका शांतपणे दुजोरा देणारा माणूस एक तर संत असतो, नाहीतर फार चालू. मी त्याच्या डोळ्यांत बघून ठरवायचा प्रयत्न केला. ते पुन्हा हसत होते. काहीच ठरेना.

“का पण?” मी विचारलं. “इतके एंटर कशासाठी?”

आता तो पहिल्यांदा गोंधळला. खुर्चीच्या फाटक्या कापडातला एक धागा ओढत म्हणाला, “लिफ्ट अडकलीये. माणूस घाबरलाय. वरती लिहिलंय ‘घाबरू नका’. लगेच खाली दुसरी सूचना आली, तर तो न घाबरणार कधी? त्याला… जरा वेळ नको? तो वेळ मी सोडला. मला जागा सोडायची दुसरी रीत माहीत नाही.”

इतकी वर्षं मी लोकांचे फालतू एंटर पुसत आलेय. ते एंटर कुणीतरी कुणासाठी तरी मारले असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“रीत आहे,” मी हळू आवाजात म्हणाले. “ये इकडे.”

तो आला. जरा जास्तच इकडे आला. ओल्या शर्टाचा वास आला, आणि पावसाने खिडकीवर बोटं वाजवली.

“हे बघ. जागेसाठी वेगळी ओळ लागत नाही. जागा परिच्छेदालाच द्यायची. ‘आधीची जागा’ इतके पॉइंट, ‘नंतरची जागा’ इतके पॉइंट. पॉइंट म्हणजे आपलं माप, इंचापेक्षा पुष्कळ लहान. मग तो परिच्छेद जिथे जाईल तिथे आपली जागा घेऊन जातो.”

त्याचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याला सांगितलंय की भिंतीत दार होतं आणि तो इतकी वर्षं खिडकीतून उड्या मारत होता. “म्हणजे… ‘घाबरू नका’ला स्वतःचा श्वास असू शकतो?”

“हवा तेवढा.”

“आणि हा चौकोन कसला? ‘एकाच शैलीच्या परिच्छेदांमध्ये जागा सोडू नका’?”

“दोघांची शैली एक असेल, आणि इथे टिचकी मारली, तर मधली जागा जाते.”

“अच्छा,” तो म्हणाला. मग बराच वेळ तो चौकोन बघत राहिला. “आपली शैली काय म्हणायची, मुंगी?”

“तू दोन स्पेस देतोस. मी एकही फालतू देत नाही.”

“म्हणजे जागा राहणार.”

“राहणार,” मी म्हणाले, आणि माझे कान का तापले ते मला कळेना.

त्याने खेळता खेळता एक उलटा पी पुसला. वरचा परिच्छेद धाडकन खालच्यात घुसला. ठळकपणा गेला, जागा गेली, सगळा खालच्यासारखा झाला.

“अरे! मेला की!”

“परिच्छेदाचं सगळं रूप त्या चिन्हात असतं,” मी सांगितलं. “ते पुसलं, की वरचा खालच्यात मिसळतो आणि त्याच्यासारखाच दिसायला लागतो. शब्द तेच राहतात. पण तो, तो नसतो.” थांबावं की नको कळेना… पण बोलून गेले. “माझं झालं होतं एकदा तसं. एक जण होता. त्याच्यासारखं हसायला लागले, त्याच्यासारखं खोकायला लागले. एकदा फोन केला तर आई म्हणाली, कोण बोलतंय?”

त्याने फक्त पुसलेलं चिन्ह हळूच परत आणलं, आणि त्यावरून बोट काढताना इतकं सांभाळून काढलं की ते काचेपलीकडे आहे हे तो विसरलाच असावा.

मग मी त्याला शेवटची गोष्ट दाखवली. ‘पुढच्यासोबत ठेवा’. तिसऱ्या सूचनेला ती लावली, की नंबर तिला सोडून कधीच दुसऱ्या पानावर जाणार नाही; गेले तर दोघं जातील. आणि चिन्हं चालू असली, तर त्या ओळीच्या डावीकडे एक छोटासा काळा चौकोन दिसतो.

“हे छापतात का?”

“नाही. ज्याला बघायचंय त्यालाच दिसतो.”

“पुढच्यासोबत ठेवा,” तो पुटपुटला, आणि मला एकदम आठवलं की अहवाल मला लिहायचा आहे, आणि त्यात ह्याचं नाव जायचं आहे.

*

माझी आई शिवणकाम करते. तिला कुठलाही कपडा दाखवा, ती आधी उलटा करते. “वरून काय, सगळंच छान असतं,” असं म्हणते आणि शिवण बघते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खुर्चीचं फाटकं कापड शिवून घ्यायला आमच्या घरी आला. खुर्ची पायऱ्यांवरून उचलून आणली होती. आईने खुर्ची बघितली. त्याला बघितलं. मग सरळ पुढे होऊन त्याच्या शर्टाची कॉलर उलटी केली, तो घातलेला असताना.

“आई!” माझ्या हातातला कप हिंदकळला.

“गप गं. हे बटण कुणी लावलं?”

“मीच, काकू,” तो मान वाकडी करून, जागचा न हलता म्हणाला.

“इतका दोरा? बटण आहे का बोट बांधलीये किनाऱ्याला?”

“एकदा तुटलं होतं. पुन्हा तुटलं तर… म्हणून.”

आईने कॉलर सोडली आणि मशीनकडे वळली. तो हात धुवायला गेल्यावर सुईत दोरा ओवता ओवता मला म्हणाली, “वरून बरा आहे. आतून शिवण विचित्र आहे. पण उसवणार नाही.”

मी तिला सगळं सांगितलं. एंटर, अहवाल, गोदाम. “खरं लिहिलं तर तो जाईल. खोटं मला लिहिता येत नाही. तुला माहितीये.”

“मग खरं लिही,” आई म्हणाली. “पण अर्धं लिहू नकोस. कुणी उसवलं ते लिहिशील, तर कशासाठी उसवलं तेही लिही.”

जाताना तो दारात रेंगाळला. “मुंगी, अहवालात काय लिहिणारेस?”

“खरं.”

“बरोबर,” तो म्हणाला. “तू खोटं लिहिलंस तर मला तुझी ओळख पटणार नाही.” मग खुर्ची डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरत गेला. मी खिडकीतून बघत होते. पाऊस थांबला होता, तरी त्याने छत्री उघडली. खुर्चीसाठी. नवीन कापड होतं ना.

*

शुक्रवार.

सूचना मी नीट केली होती. एकही फालतू एंटर नाही. ‘घाबरू नका’ला भरपूर नंतरची जागा, नंबर जागच्या जागी. प्रिंटर चौथ्या मजल्यावर, म्हणून फाईल त्याच्याकडे पाठवली. सकाळी शिपायाने कागद चिकटवलाही. माझ्या हातात घडी केलेला अहवाल होता. ‘सदर एंटर मारणारी व्यक्ती सापडली आहे…’ आणि त्या तीन टिंबांच्या पुढे अख्खी पानभर हकिगत, कशासाठी मारले त्याची. मॅडमच्या हातात बदलीचा आदेश होता, सही-शिक्क्यासकट. फक्त नावाची जागा मोकळी.

तपासनीस आले. उंच, जाड मिशांचे, पण लिफ्टच्या दारापाशी कपाळावर घाम. आम्ही आत शिरलो: मी, मॅडम, तपासनीस. दार लागता लागता एक चाक आत आलं. मागोमाग खुर्ची. मागोमाग तो.

“हिला खाली आणायची काय गरज होती?” मॅडम.

“आज तिचं नवीन कापड आहे, मॅडम.”

तिसरा मजला गेला. चौथा आला नाही. आचका. घुर्र. शांतता.

“काही नाही, काही नाही,” मॅडम म्हणाल्या. “आपली सूचना आहेच. वाचा, साहेब.”

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

‘लिफ्ट अडकल्यास’. ठळक, मधोमध, सुंदर.

आणि खाली काहीच नाही. कोरा कागद. पांढराशुभ्र. थेट तळापर्यंत.

मॅडमनी आ वासला. तपासनीस कागदाकडे असे बघत होते, जसं त्यांना कुणी प्रश्न विचारलाय आणि उत्तर स्वतःलाच द्यायचंय.

“लिफ्ट अडकल्यास…” ते खोल आवाजात म्हणाले. “अडकल्यास काय? अडकल्यास काय?”

मी त्याच्याकडे वळले. “काय केलंस?”

त्याचा चेहरा त्या कागदासारखाच झाला होता. “फक्त एका ओळीला सोबत मिळाली होती,” तो चाचरत म्हणाला. “बाकीच्या बघत होत्या… बरं वाटेना. म्हणून छापायच्या आधी मी सगळ्यांनाच लावलं. पुढच्यासोबत ठेवा.”

आणि मला लख्ख दिसलं काय झालं असणार. पहिल्या सूचनेने दुसरीचा हात धरला, दुसरीने तिसरीचा, असं करत करत पार दुसऱ्या पानावरच्या कर्मचाऱ्यांच्या नियमांपर्यंत. शेवटचा नियम पहिल्या पानावर मावेना. कुणीच कुणाचा हात सोडेना. म्हणून सगळे मिळून दुसऱ्या पानावर गेले. फायलीत. सुखरूप.

“आणि शीर्षक?”

“ते आधीच ठळक आहे. म्हटलं, त्याला काय गरज.”

“म्हणजे ते एंटरही तुझेच!” मॅडमच्या डोक्यात प्रकाश पडला आणि डोळ्यांत वीज. त्यांनी पेन काढलं.

“हो मॅडम, माझेच. तिने अहवाल द्यायच्या आधी मीच सांगतो.”

तेवढ्यात तपासनीस भिंतीला धरून खाली घसरायला लागले. “मी कायम जिन्याने जातो,” ते कुजबुजले. “सगळीकडे. मी आयुष्यात एकही लिफ्ट आतून तपासलेली नाही.”

लिफ्टच्या तपासनीसाला लिफ्टची भीती! त्याने मात्र एका झटक्यात खुर्ची पुढे केली, तपासनीसांना बसवलं, समोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “घाबरू नका.”

आणि थांबला.

काही बोलला नाही. मॅडम काहीतरी म्हणायला गेल्या, तर हाताने थांबवलं. शांतता लांबत गेली… तपासनीसांची मिशी एकदा वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. खांदे उतरले. त्या मोकळ्या जागेत एक अख्खा माणूस श्वास घेत होता, आणि मी ती जागा डोळ्यांनी पाहिली. एंटरवाली. पुसायला निघाले होते मी तिला.

“दार जोर लावून उघडू नका,” तो मऊ आवाजात म्हणाला. पुन्हा थांबला. मग उठला, भिंतीवरचा फोन उचलला आणि नंबर फिरवला. पाठ होता त्याला. तो बोलला, पलीकडून कुणीतरी येतो म्हणालं, त्याने फोन ठेवला.

आणि आता मला त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का बसला.

“तुला नंबर पाठ आहे?”

“मीच टाईप केलाय.”

“मग त्या दिवशी? आपण दोघं अडकलो होतो तेव्हा का नाही फिरवलास?”

तो खाली बघायला लागला. कान लाल झाले. “तेव्हा… तू बोलत होतीस.”

“मी तुला गाढव म्हणत होते!”

“हो. पण थांबली असतीस ना.”

लिफ्टमध्ये टाचणी पडली असती तर ती ऐकू आली असती. तपासनीस खुर्चीवर अर्धी गिरकी घेऊन आमच्याकडे वळले.

“मुंगी,” तो म्हणाला, “ते पुढच्यासोबत ठेवा… माणसांना लावता येतं का?”

“अरे ही काय वेळ आहे?” मॅडम किंचाळल्या.

“बोलू द्या त्याला,” तपासनीस डोळे मिटून म्हणाले. “मला श्वास घ्यायला बरं पडतंय.”

माझं हृदय कुठेतरी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे होतं. “माझं चिन्ह पुसणार नाहीस?” मी विचारलं.

“हात लावणार नाही. माझंही राहू दे. दोन स्पेससकट.”

“आणि मधली जागा?”

“तू म्हणशील तितके पॉइंट.”

मी विचार केला. मांडणी तपासणारी बाई आहे मी. आकडा तोंडातून जपून काढते.

“शून्य,” मी म्हणाले. “…हो.”

मॅडमच्या हातून पेन पडलं. टाचणीपेक्षा बराच मोठा आवाज झाला.

लिफ्ट वर गेली. तपासनीसांनी शेऱ्यात लिहिलं, की ‘घाबरू नका’ नंतरची जागा सक्तीची करावी आणि ती सोडणाऱ्या माणसाला ह्याच कामावर ठेवावं. मग ते जिन्याने उतरले. मॅडमनी माझा अहवाल शेवटपर्यंत वाचला, मग उलटा करून मागचं पानही बघितलं. पण बदलीचा आदेश निघाला होता, आणि निघालेला आदेश रद्द करायची पद्धत आमच्या कंपनीत नाही. कुणीतरी जाणं भाग होतं.

खुर्ची गेली. नवीन कापडासकट. तिला स्टेशनवर सोडायला आम्ही दोघं गेलो होतो. तिच्यावर चिठ्ठी लावली होती, ‘ही बाजू वर’. तो एकदा तिच्याकडे वळून बघत होता, एकदा माझ्याकडे. मी त्याचा हात धरला. सोडला नाही. म्हणून आम्ही दोघंही एकाच दारातून आडवे होऊन बाहेर पडलो, आणि सगळं स्टेशन थक्क होऊन बघत राहिलं.

त्यानंतर मी पुढील अर्ज दिला आहे.

प्रति,
व्यवस्थापक, इमारत देखभाल विभाग

विषय: चालू स्थितीतील लिफ्ट काही काळ बंद पाडून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते, की दुरुस्तीनंतर सदर लिफ्ट एकदाही अडकलेली नाही व त्यामुळे अर्जदार आणि त्यांचे पती यांची गैरसोय होत आहे. तरी आमच्या लग्नाच्या प्रत्येक वाढदिवशी सदर लिफ्ट तिसरा व चौथा मजला यांच्या दरम्यान, दोघे आत असताना, योग्य तितका वेळ बंद ठेवण्याची व त्या काळात फोन कोणीही न उचलण्याची व्यवस्था करावी. तसेच गोदाम शाखेत कार्यरत असलेली एक फिरती खुर्ची त्या दिवसापुरती प्रतिनियुक्तीवर परत बोलवावी, व पाऊस असल्यास ती छत्रीखालून आणावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
मांडणी तपासनीस, दुसरा मजला
(कृपया वरील दोघांना एकाच पानावर ठेवावे.)